अठराशे फेऱ्यांवरची ओढ

टेक्सास, ओक्लाहोमा, कोलोरॅडो या भागांत शेतावर आणि बांधकामावर राबणारे चौकोनी बांध्याचे जुने शेवरोले पिकअप अजूनही दिसतात. 1973 ते 1987 या काळात निघालेल्या या गाड्यांना तिथे ‘स्क्वेअर बॉडी’ म्हणतात. हौद्यात गवताचे गठ्ठे किंवा वेल्डिंगचं मशीन, मागे ट्रेलरवर दोन घोडे नाहीतर छोटा ट्रॅक्टर, आणि बॉनेटखाली बहुधा 350 क्युबिक इंचांचं, म्हणजे 5.7 लिटरचं, पेट्रोलवर चालणारं व्ही-8 इंजिन. आपल्याकडे ओझं ओढायचं म्हटलं की डिझेलच डोळ्यांसमोर येतं. पेट्रोलचं एवढं मोठं धूड रोजच्या कामाच्या गाडीत असतं, याचंच आपल्याला नवल वाटेल.

या इंजिनाचा कॅमशाफ्ट कधी ना कधी घासतो. आधी टॅपेटची टकटक सुरू होते. मग एखादा लोब, म्हणजे कॅमवरचा व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा, इतका झिजतो की त्याच्यावरचा व्हॉल्व्ह पुरता उघडतच नाही. झिजलेला लोब एक्झॉस्टचा असेल तर जळका वायू बाहेर पडायला वाट मिळत नाही, तो इनटेकमध्ये उलटा घुसतो आणि कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो. गाडी चढावर दम टाकते. कॅम बदलायचा तर या इंजिनात वरचा इनटेक मॅनिफोल्ड काढावाच लागतो, कारण टॅपेट ज्या दरीत बसतात तिचं झाकण म्हणजेच तो मॅनिफोल्ड. एवढं उघडलंच आहे, तर कंपनीचाच कॅम पुन्हा कशाला, जरा बरा टाकू, आणि मॅनिफोल्डही बदलून टाकू, असं मालकाच्या मनात येतं. इथून पुढे बरेच पैसे खर्च होतात, आणि त्यांतले पुष्कळ वाया जातात.

वाया जातात, कारण कॅम विकणाऱ्यांच्या याद्या शर्यतीच्या जगात जन्मल्या आहेत आणि ट्रक त्या जगाचा नाही. ट्रकला हवी असते मिनिटाला अठराशे-दोन हजार फेऱ्यांवरची ओढ. तिच्यासाठी योग्य असलेला कॅम कागदावर इतका किरकोळ दिसतो की पैसे मोजून तो घेण्याचा धीर होत नाही. या लेखात त्या किरकोळ दिसणाऱ्या कॅमचीच बाजू मी घेणार आहे.

आधी इंजिनाची ओळख. शेवरोलेचं ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-8 1955 च्या मॉडेलांत आलं, तेव्हा ते 265 क्युबिक इंचांचं होतं आणि एड कोल हे शेवरोलेचे मुख्य अभियंता होते. 350 चं रूप 1967 च्या कमॅरोत पहिल्यांदा दिसलं: चार इंचांचा बोअर, 3.48 इंचांचा स्ट्रोक. पुढे ते मोटारी, पिकअप, मोटारबोटी, सगळीकडे गेलं. नंतरच्या पिढ्या धरून जनरल मोटर्सने 10 कोटीवं स्मॉल ब्लॉक 2011 मध्ये बनवलं. यात कॅमशाफ्ट एकच. दोन ओळींच्या बेचक्यात, क्रँकच्या बरोबर वर तो आडवा पडलेला असतो. सोळा व्हॉल्व्हांचे सोळा लोब, पेट्रोलपंप हलवणारा एक वेगळा लोब, आणि मागच्या टोकाला डिस्ट्रिब्युटर फिरवणारे दाते. डिस्ट्रिब्युटरच्याच दांड्याच्या खालच्या टोकाने ऑइलपंप फिरतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी. कोणता व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, किती उघडायचा आणि केव्हा मिटायचा, हे सगळं या एका दांड्यावर कोरलेलं असतं. एकदा कोरलं की त्यात फेरफार नाही. आजच्या इंजिनांतला कॅम चालत्या गाडीत आपलं टायमिंग मागेपुढे करतो. या जुन्या दांड्याला ती सोय नाही, म्हणून निवड करताना काहीतरी सोडावं लागतंच.

सत्तरच्या दशकात धुराचे नियम आले, शिशाविना पेट्रोल आलं, आणि 350 चं कॉम्प्रेशन साडेआठाला एक असं खाली उतरलं. ट्रकमधल्या या इंजिनाची नोंदलेली ताकद 165 अश्वशक्तीच्या आसपास आली. 350 क्युबिक इंचांच्या मानाने हा आकडा लाजिरवाणाच. 1972 पासून ताकद मोजण्याची पद्धतही बदलली होती. पंखा, सायलेन्सर, अल्टरनेटर लावून जे उरेल तेच छापायचं, असं ठरलं. त्यामुळे आकडा प्रत्यक्षातल्या घसरणीहून जास्त घसरलेला दिसतो. पण मालकाच्या डोक्यात 165 बसतं, आणि तो तीनशेच्या शोधात निघतो.

इथे एक साधा हिशेब करू. अमेरिकी मापांत अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले 5252. एखादं इंजिन दोन हजार फेऱ्यांवर 280 पौंड-फूट पिळ देत असेल, तर तिथे त्याची ताकद 107 अश्वशक्ती भरते. तेवढाच पिळ पाच हजारांवर दिला तर 267. जाहिरातीत दुसरा आकडा छापतात. पण तीन टनांचा ट्रेलर जोडलेला पिकअप रॉकी पर्वतातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे, 11 हजार फुटांवर, सात टक्क्यांच्या चढाने निघतो, तेव्हा पाच हजार फेऱ्यांवर इंजिन किंचाळत ठेवून कुणी तासभर चालवत नाही. बहुतेक काम दीड ते साडेतीन हजारांत उरकतं. त्यातून उंचीवर हवा विरळ. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी समुद्रसपाटीवरच्या ताकदीची दोन तृतीयांशच शिल्लक राहते. पाच हजारांवर मिळणारे शंभर घोडे तिथे कोणाच्या कामाचे?

आता कॅमचे आकडे. यादीत प्रत्येक कॅमपुढे उचल, म्हणजे व्हॉल्व्ह किती इंच उघडतो, आणि ड्युरेशन, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत तो उघडा राहतो, हे दिलेलं असतं. ड्युरेशन मोजायला प्रत्येक कंपनी पूर्वी आपापल्या सोयीची जागा धरायची. टॅपेट इंचाचे 50 हजारांश भाग उचलला गेला की तिथून मोजायचं, हा रिवाज फ्लोरिडातल्या क्रेन कॅम्सच्या हार्वी क्रेन यांनी रूढ केला, म्हणून आज दोन कंपन्यांचे कॅम शेजारी ठेवून पाहता येतात. यादी चाळताना नजर उचलीवर जाते, कारण मोठी उचल म्हणजे मोठी ताकद असं वाटतं. कमी फेऱ्यांच्या ओढीसाठी कळीचा आकडा वेगळाच आहे, आणि तो पुष्कळदा यादीत ठळक छापलेलाही नसतो. तो म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याची वेळ.

पिस्टन खाली गेला, हवा आत आली, आता पिस्टन वर निघाला. अशा वेळी इनटेक व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही, बऱ्याच अंशांपर्यंत उघडाच असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर याचा फायदा होतो, कारण नळीतून धावत आलेली हवा आपल्या वेगानेच आत घुसत राहते. एस.टी. सुटतानासुद्धा मागून रेटा असला की चार माणसं आत चढतातच. रेटा नसेल आणि दार उघडंच राहिलं, तर आतली दोन खाली उतरतात. कमी फेऱ्यांवर हवेला रेटा नसतो. पिस्टन वर येताना आत घेतलेली हवा पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलून देतो, आणि जी हवा उरलीच नाही तिच्यातून टॉर्क कुठून येणार?

याचा हिशेब कागदावर मांडता येतो. 350 चा स्ट्रोक 3.48 इंच, कनेक्टिंग रॉड 5.7 इंच. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला गेल्यानंतर 60 अंशांनी पुरता मिटला, तर प्रत्यक्ष दाबायला 2.81 इंचांचा स्ट्रोक उरतो. 75 अंशांनी मिटला, तर 2.44 इंच. साडेआठ कॉम्प्रेशनच्या इंजिनात खऱ्या दाबाचं गुणोत्तर पहिल्या कॅमने सातच्या जरासं वर राहतं, दुसऱ्याने सव्वासहावर येतं. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन सरकारी नियमांनी आधीच खाली आणलेलं, त्यात मोठा कॅम घालणं म्हणजे उरलंसुरलंही आपल्या हातांनी घालवणं. शर्यतीच्या इंजिनाला मोठा कॅम चालतो, कारण तिथे कॉम्प्रेशन दहा-अकराचं असतं आणि फेरे कधी तीन हजारांखाली उतरत नाहीत. शेजारच्या पोराच्या कमॅरोत जो कॅम गरजत होता, तोच पिकअपमध्ये घातल्यावर गाडी सिग्नलवरून उठेना, ही कथा अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळते.

तो गरजण्याचा मोहही समजून घ्यायला हवा. मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी बराच काळ उघडे राहतात. त्याला ओव्हरलॅप म्हणतात. स्लो स्पीडला जळका वायू ताज्या हवेत मिसळतो, इंजिन अडखळत, लंगडत चालतं, आणि त्या लंगडण्याचा जो धडधडाट होतो त्यावर तिथली तरुण पोरं जीव टाकतात. आवाज चांगला लागतो हे मीही नाकारत नाही. पण इनटेकमधला व्हॅक्यूम त्याच लंगडण्यात जातो. धडधाकट 350 स्लो स्पीडला 18 ते 20 इंच पाऱ्याएवढा व्हॅक्यूम धरतं, मोठ्या कॅमवर ते 10-12 पर्यंत घसरतं. ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. मागे घोडे बांधून उतार उतरताना पेडल दगडासारखं कडक झालं, की आवाजाची हौस फिटते.

ही बाजारपेठ उभी कशी राहिली तेही पाहण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात एड विनफिल्ड यांच्यासारखे कसबी लोक कॅम घासून देत. त्यांच्याकडून शिकलेल्यांत आर्मेनियन आईबापांचा एड इस्केंदेरियन होता. दुसऱ्या महायुद्धातून परतल्यावर आपल्या गाडीसाठी कॅम हवा तर फार थांबावं लागतंय, असं पाहून त्याने एक जुनं ग्राइंडिंग मशीन घेतलं, त्यात फेरफार केले आणि स्वतःच कॅम घासू लागला. त्याचा धंदा 1946 सालचा. इनटेकच्या बाजूला व्हिक एडेलब्रॉक. 1938 मध्ये त्याने 1932 सालची फोर्ड रोडस्टर घेतली, आणि तिच्यासाठी केलेल्या मॅनिफोल्डमधून कंपनी उभी राहिली. ही सगळी माणसं आटलेल्या तळ्यांच्या खारट सपाटीवर जास्तीत जास्त वेग काढण्याच्या नादाची. त्यांची भाषा वेगाची, मापं वेगाची. सत्तरच्या दशकात मागे घरवजा कॅरव्हॅन ओढणारे पिकअप वाढले आणि पेट्रोल महागलं, तेव्हा याच कंपन्यांनी कमी फेऱ्यांवर ओढणारे कॅम काढले. अशा घरवजा गाड्यांवरून त्यांना ‘आरव्ही कॅम’ हे नाव पडलं. शर्यतवाल्यांच्या तोंडी त्यात थोडी कुचेष्टाही होती. म्हाताऱ्यांचा कॅम म्हणत. ट्रकवाल्याने तोच घ्यावा.

उदाहरणादाखल दोन कॅम शेजारी ठेवू. शेवरोलेने कितीतरी वर्षं 350 मध्ये घातलेला एक कॅम सुट्या भागाच्या क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांवरून ‘929’ म्हणून ओळखला जातो. 50 हजारांशांवर त्याचं ड्युरेशन इनटेकचं 195 अंश, एक्झॉस्टचं 202, उचल 0.390 आणि 0.410 इंच. एडेलब्रॉकच्या ‘परफॉर्मर’ नावाच्या कॅमचं ड्युरेशन 204 आणि 214, उचल 0.420 आणि 0.442, इनटेक-एक्झॉस्टच्या लोबांमधला कोन 112 अंश. कंपनी स्वतः त्याची मर्यादा स्लो स्पीडपासून साडेपाच हजार फेरे अशी सांगते. इनटेकला नऊ अंशांचा फरक. ट्रकसाठी ही साधारण वरची हद्द समजावी, निदान साडेआठ कॉम्प्रेशनच्या इंजिनात. एक्झॉस्टला दहा अंश जास्त दिलेत त्याचं कारण जुन्या हेडमधलं एक्झॉस्टचं पोर्ट चोंदल्यासारखं असतं, त्याला वेळ जास्त लागतो. 220 च्या पुढचे कॅम कितीही स्वस्तात मिळोत, या गाडीत घालू नयेत.

याला पुरावा खुद्द जनरल मोटर्सनेच दिला आहे. 1996 मध्ये पिकअपमधल्या 350 ला नवी ‘व्होर्टेक’ हेड बसवली. तोवरचं, थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचं इंजिन 210 अश्वशक्ती आणि 300 पौंड-फूट टॉर्क देत होतं. व्होर्टेकने 255 अश्वशक्ती आणि 330 पौंड-फूट दिले, म्हणजे जवळपास 447 न्यूटन-मीटर, तेही 2,800 फेऱ्यांवर. त्यातल्या कॅमचं ड्युरेशन पाहिलं तर सुमारे 191 आणि 196 अंश, म्हणजे जुन्या 929 पेक्षाही कमी. वाढलेली ताकद आली हेडच्या पोर्टांतून, कंबशन चेंबरच्या आकारातून आणि साडेनवाच्या जवळ नेलेल्या कॉम्प्रेशनमधून. कॅमच्या यादीत हा कॅम असता तर कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

इनटेक मॅनिफोल्डचं गणित याच सुरात चालतं. तिथे हवेचा वेग सांभाळायचा असतो. नळी रुंद आणि आखूड असेल तर वरच्या फेऱ्यांवर श्वास मोकळा होतो, पण खाली हवा रेंगाळते आणि पेट्रोलचे थेंब भिंतींवर बसतात. नळी लांब आणि बेताची असेल तर खालीच रेटा मिळतो, वर मात्र दम लागतो. क्रायस्लरने 1960 मध्ये हे जगाला ढळढळीत दाखवलं. त्यांच्या 300एफ गाडीत 413 क्युबिक इंचांच्या इंजिनावर दोन कार्बोरेटर इंजिनाच्या दोन्ही कडांना टांगले होते, आणि 30 इंच लांबीच्या नळ्या इंजिनावरून पलीकडच्या सिलिंडरांना जात होत्या. या रूपात 375 अश्वशक्ती आणि 495 पौंड-फूट टॉर्क, 2,800 फेऱ्यांवर. दुसऱ्या रूपात बाहेरून मॅनिफोल्ड तसाच, पण आतला पडदा कापून नळ्यांची कामाची लांबी 15 इंचांवर आणलेली. तिथे ताकद 400 वर गेली, टॉर्क मात्र 465 वर उतरला आणि तोही 3,600 फेऱ्यांवर. इतर थोडे फेरफार होतेच, पण मुख्य करामत त्या पडद्याची. ट्रकवाल्याने कोणतं रूप मागितलं असतं हे सांगायला नको.

शेवरोलेच्या 350 साठी बाजारात मिळणारे मॅनिफोल्ड ढोबळमानाने दोन तऱ्हांचे. एकात कार्बोरेटरखाली एकच मोकळी खोली आणि तिच्यातून आठ आखूड सरळ नळ्या. हा सिंगल प्लेन, शर्यतीचा. दुसऱ्यात खोलीचे दोन भाग, एक वर, एक खाली, आणि प्रत्येक भाग चार सिलिंडरांना हवा पुरवतो. 350 चा स्पार्कचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2. त्यातले एक सोडून एक सिलिंडर एकेका भागाला जोडलेले असतात, म्हणून दोन खेचांमध्ये अर्धी फेरी मोकळी मिळते आणि एकाने दुसऱ्याची हवा पळवण्याचा प्रश्न राहत नाही. हा ड्युअल प्लेन. ट्रकला हाच हवा, यात दुमत असू नये. एडेलब्रॉकचा साधा परफॉर्मर मॅनिफोल्ड याच जातीचा. त्याचा ‘आरपीएम’ नावाचा थोरला भाऊ दीड हजार ते साडेसहा हजार फेऱ्यांसाठी आहे, आणि दुकानदार हटकून तोच पुढे करतो. तो नको. तळाशी हवा खेळती ठेवून मॅनिफोल्ड थंड राखणारा एक प्रकार मिळतो, तो कॅन्ससच्या उन्हाळ्यात ठीक. मिनेसोटाच्या हिवाळ्यात उणे 20 अंशांना सकाळी गाडी काढायची असेल तर एक्झॉस्टची ऊब कार्बोरेटरखाली नेणारी जुनी वाटच बरी.

एक गोष्ट मॅनिफोल्ड विकणारे सांगत नाहीत. पिकअपवर कंपनीने बसवलेला ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड आणि त्यावरचा क्वाड्राजेट कार्बोरेटर ही जोडी कमी फेऱ्यांना मुळातच उत्तम आहे. 1965 पासून आलेल्या क्वाड्राजेटची पुढची दोन तोंडं 1⅜ इंचांची, म्हणजे जेमतेम 35 मिलिमीटर, आणि मागची दोन सव्वादोन इंचांची. रोजच्या चालवण्यात सगळी हवा त्या बारीक तोंडांतून वेगाने जाते, पेट्रोल छान फुटतं. पाय पुरता दाबला की मागची तोंडं हळूहळू उघडतात. तज्ज्ञ हाताने दुरुस्त केलेला क्वाड्राजेट काढून त्या जागी चार सारख्या तोंडांचा चकचकीत कार्बोरेटर बसवणं हा ट्रकच्या बाबतीत बहुधा तोट्याचा सौदा ठरतो. आकाराचंही तेच. 350 इंजिन पाच हजार फेऱ्यांवर सिलिंडर पूर्ण भरून चाललं तरी मिनिटाला 506 घनफूट हवा मागतं. प्रत्यक्षात ते पूर्ण भरत नाहीच. तरी लोक 750 चा कार्बोरेटर शोधत फिरतात. ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डचा खरा फायदा वजनाचा. लोखंडी ओतीव धूड एकट्याने बॉनेटखालून उचलून पाहिलं की तो पटतो.

कॅम आणि इनटेक या दोन्हींच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा होता. मागच्या एक्सलचं गिअर गुणोत्तर किती? सत्तरच्या दशकाअखेर मायलेज वाचवण्यासाठी पुष्कळ पिकअप 3.08 गुणोत्तराने निघाले. 29 इंचांच्या टायरवर ताशी 60 मैलांना त्यात इंजिन 2,140 फेऱ्यांवर असतं. 3.73 घातलं तर 2,590. चाकाला पोचणारा पिळ प्रत्येक फेऱ्यावर 21 टक्क्यांनी वाढतो. कुठलाही कॅम एवढं देणार नाही. वर ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स असेल तर महामार्गावर पेट्रोलही फार वाढत नाही. एक्सलमध्ये हात घालणं म्हणजे घाणेरडं, जिकिरीचं काम, आणि ते कोणाला दिसत नाही, बॉनेट उघडून दाखवताही येत नाही. त्यामुळे लोक ते टाळतात.

बसवण्याच्या कामात दोन जागा नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली टायमिंग चेनची. कंपनीच्या कॅमच्या चक्राला आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचे दात असत. ते उन्हापाण्याने नव्हे तर तेलातल्या उष्णतेने कडक होऊन तुटतात, तुकडे ऑइल पॅनमध्ये सापडतात. ताणलेल्या चेनमुळे कॅम काही अंश मागे पडतो, इनटेक उशिरा मिटतो, आणि वर केलेला सगळा हिशेब फसतो. कित्येक मरगळलेल्या पिकअपांचा आजार एवढाच असतो. नव्या दुहेरी रोलर चेनच्या खालच्या चक्रात चावीचे तीन खाचे असतात. कॅम चार अंश पुढे घेण्याचा खाचा निवडला तर टॉर्क आणखी खाली सरकतो. पण खाच्यावर विसंबून न राहता पुढे अंशांची तबकडी लावावी, पहिल्या सिलिंडरच्या टॅपेटवर डायल गेज ठेवावं आणि क्रँक हाताने फिरवून खात्री करावी. घासणाऱ्याच्या हातून दोन-चार अंश इकडेतिकडे झालेले असतात.

दुसरी जागा लोब आणि टॅपेट जिथे भेटतात ती. जुन्या 350 मधला टॅपेट सपाट तळाचा म्हणतात, पण तो सपाट नसतो. तळाला अगदी सूक्ष्म फुगवटा असतो, आणि लोबला एका कडेपासून दुसरीपर्यंत इंचाच्या एक-दोन हजारांश भागांचा उतार. त्यामुळे प्रत्येक उचलीबरोबर टॅपेट स्वतःभोवती जरासा फिरतो आणि झीज एका जागी साचत नाही. जुना टॅपेट नव्या कॅमवर कधीच बसवायचा नाही, तो जुन्या लोबच्या उताराला बसलेला असतो. बसवताना तळाला काळसर मॉलिब्डेनम पेस्ट चोपडतात. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं की स्लो स्पीडवर सोडायचं नाही. तडक दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर नेऊन 20 मिनिटं, फेरे थोडे वरखाली करत ठेवायचे. लोबवर तेल येतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं, आणि हळू फिरणारा क्रँक पुरेसं उडवत नाही. या 20 मिनिटांत एक माणूस थ्रॉटलवर, दुसरा टॉर्च घेऊन गळती शोधत. मेकॅनिक कुणाशी बोलत नाहीत. टॅपेट फिरतोय की नाही हे पुशरॉड फिरतोय का यावरून कळतं. एखादा स्थिर दिसला तर इंजिन लगेच बंद. नंतर तेल बदलायचं, आणि नवं तेल जस्त-फॉस्फरसाचं पुरेसं प्रमाण असलेलं हवं. मोटारींच्या तेलात ते 2004 च्या नव्या दर्जापासून कमी केलं गेलं, कारण फॉस्फरस एक्झॉस्टच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतो.

कॅमच्या धातूचा विषय निघाला की सोलापूरचं नाव घ्यायला हवं. 1992 मध्ये तिथे सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी जनरल मोटर्स, फोर्ड अशा वाहन कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवत आली आहे. तिची ख्याती चिल्ड ओतकामाची. वाळूच्या साच्यात जिथे लोब येणार तिथे लोखंडाचे तुकडे बसवतात, वितळलेला रस त्यांना लागताच झटकन गोठतो आणि लोबचा पृष्ठभाग पांढऱ्या, अतिशय कडक लोखंडाचा होतो, आतला दांडा मात्र तुलनेने मऊ राहतो. अमेरिकेतल्या जुन्या व्ही-8 चे कॅम ओतीव लोखंडाचेच, त्यांचे लोब वेगळे तापवून कडक करतात. दोन्हीकडे खटपट एकाच झिजेविरुद्धची.

1987 ते 1995 च्या इंजेक्शनवाल्या पिकअपांत आणखी एक गाठ आहे. त्यांचा संगणक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून इंजिनावरचा भार ओळखतो. मोठ्या कॅमने व्हॅक्यूम कमी झाला की त्याला वाटतं गाडी घाट चढते आहे, आणि तो उभ्या गाडीत पेट्रोल ओततो. मग चिप बदला, ती नव्याने लिहून घ्या. कॅलिफोर्नियात तर 1976 पासूनच्या गाड्यांवर तिथल्या हवामंडळाच्या मंजुरीचा क्रमांक नसलेला भाग बसवला तर धुराच्या तपासणीत गाडी नापास. सौम्य आरव्ही कॅम या दोन्ही कटकटींतून पुष्कळदा निभावून नेतो, फक्त मॅनिफोल्डवरचा मंजुरीचा क्रमांक घेतानाच वाचून घ्यावा.

ज्याचं इंजिन एवीतेवी उघडायला झालंय आणि पिस्टनही थकलेत, त्याच्यासाठी माझ्या मते आणखी सरळ वाट आहे. मोडीच्या आवारातून 1996 ते 2000 मधल्या पिकअपचं व्होर्टेक 350 आणावं आणि त्याच्या कॅमला हात लावू नये. तो रोलर टॅपेटचा आहे, त्यामुळे 20 मिनिटांचं ते दिव्य नाही आणि जस्ताच्या तेलाची चिंता नाही. जास्त उचलीचा कॅम घालायचा तर या हेडमध्ये 0.460 इंचांच्या पुढे स्प्रिंगची टोपी गाईडला टेकायला लागते, म्हणजे तोही मोह आपोआप आवरतो. कार्बोरेटर ठेवायचा असेल तर मॅनिफोल्ड व्होर्टेकचाच लागेल. त्याला आठ उभे बोल्ट असतात, जुन्याचे बारा बसत नाहीत. आणि जुन्या गाडीतला यांत्रिक पेट्रोलपंप बसवायला यांतल्या बऱ्याच ब्लॉकांत जागाच पाडलेली नसते, तेव्हा टाकीजवळ कमी दाबाचा विजेवर चालणारा पंप लावण्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत.